मंदीत विमान उडून जाते, विमानतळ मागे राहतो

आर्थिक मंदीची चाहूल ज्यांना लवकर लागते, त्यांत विमानतळावरच्या मालगोदामात काम करणाऱ्यांचा क्रमांक बराच वरचा आहे. जगाच्या व्यापारातला माल वजनाने मोजला तर विमानाने जाणारा हिस्सा एक टक्काही भरत नाही. मूल्याने मोजला तर तो सुमारे एक तृतीयांश होतो. यंत्रांचे सुटे भाग, इलेक्ट्रॉनिक घटक, औषधे असा हलका पण महाग माल विमानाने जातो, कारण कारखान्याला तो साठवून ठेवायचा नसतो, लागेल त्या क्षणी हाताशी हवा असतो. मागणी मंदावू लागली की कारखानदार आधी जवळचा साठा वापरून संपवतो आणि नवी खरेदी पुढे ढकलतो. विमानाचे भाडे मोजण्याइतकी घाईच मग कोणाला उरत नाही. लेहमन ब्रदर्स ही बँक १५ सप्टेंबर २००८ रोजी कोसळली, पण हवाई मालवाहतूक त्या वर्षाच्या मध्यापासूनच घसरू लागली होती, आणि डिसेंबरात आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतूक आदल्या वर्षीच्या डिसेंबरपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी खाली होती.

प्रवाशांची घट त्यानंतर येते आणि वेगळ्या तऱ्हेने येते. २००९ साली जगातली प्रवासी वाहतूक ३.५ टक्क्यांनी घटली. हा आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. परंतु गेलेले प्रवासी कोण होते, हे पाहिले की त्याचे वजन कळते. महागड्या वर्गातील प्रवाशांची संख्या त्या वर्षी काही महिन्यांत पाचव्या हिश्श्याहून अधिक घटली होती, आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणाचा नफा बहुतांशी पुढच्या मोजक्या आसनांवरच उभा असतो. कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांचे दौरे रद्द करतात किंवा त्यांना मागच्या वर्गात बसवतात, आणि जवळपास भरलेले विमानही तोट्यात उडू लागते. केवळ व्यावसायिक वर्गाची आसने विकणाऱ्या मॅक्सजेट, ईऑस आणि सिल्व्हरजेट या तीन कंपन्या डिसेंबर २००७ ते मे २००८ या सहा महिन्यांत एकापाठोपाठ बंद पडल्या. त्या काळात खनिज तेलाचे भावही चढत होते आणि जुलैमध्ये ते पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत गेले, हे खरे; पण त्याच वर्षाअखेर तेल ४० डॉलरच्या खाली उतरले, तरी गेलेला प्रवासी परतला नव्हता.

इथपर्यंतची गोष्ट विमान कंपन्यांची आहे आणि ती वारंवार सांगितली जाते. मंदी आली की वर्तमानपत्रांत बुडालेल्या कंपन्यांची नावे येतात, जमिनीवर उभ्या विमानांच्या रांगांची छायाचित्रे येतात. मला काळजी वाटते ती विमानतळाची, कारण मंदीचा खरा भार कोणी उचलायचा हा प्रश्न तिथे येऊन थांबतो, आणि तिथे तो फार कमी विचारला जातो.

विमान कंपनीला मंदीत हालचाल करता येते. ती आठवड्याच्या सात फेऱ्यांच्या चार करते, मोठ्या विमानाऐवजी लहान विमान लावते, भाड्याने घेतलेली विमाने मुदत संपताच परत करते आणि तोट्याचा मार्ग सोडून देऊन तेच विमान दुसऱ्या खंडात नेते. विमानतळ यातले काहीही करू शकत नाही. धावपट्टी तीस उड्डाणांसाठी जेवढी लांब लागते तेवढीच तीनशे उड्डाणांसाठी लागते. अग्निशमन दल दिवसातून एकच विमान उतरणार असले तरी नेमून दिलेल्या क्षमतेने सज्ज ठेवावे लागते. धावपट्टीचे दिवे, सुरक्षा तपासणी, पक्षी हाकलणारी पथके, कुंपणावरची गस्त यांना प्रवासी कमी झाल्याने सुट्टी मिळत नाही. शिवाय टर्मिनल बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते तेजीच्या अंदाजावर ठरलेले असतात आणि मंदीच्या वर्षातही तेवढेच राहतात.

उत्पन्न मात्र दोन्ही बाजूंनी गळते. विमानतळाला पैसा मिळतो तो एकीकडे विमान उतरवणे, उभे करणे आणि प्रवासी हाताळणे यांच्या शुल्कांतून, आणि दुसरीकडे दुकाने, उपाहारगृहे, वाहनतळ, जाहिराती यांतून. या दुसऱ्या प्रकारचे उत्पन्न जगभरच्या विमानतळांवर एकूण उत्पन्नाच्या साधारण चाळीस टक्क्यांच्या घरात असते. मंदीत प्रवासी कमी येतात, आणि जे येतात तेही हात आखडता घेतात. दुकानदारांनी किमान भाड्याची हमी दिलेली असते, पण रिकाम्या टर्मिनलमध्ये ती पाळणे त्यांना शक्य नसते. स्पेनमध्ये कोविडच्या महासाथीनंतर हा वाद इतका ताणला गेला, की २०२१ साली संसदेला किमान भाड्यात सूट देणारा कायदाच करावा लागला.

आता या खड्ड्याची भरपाई कशी होते ते पाहू. माझा आक्षेप नेमका त्या पद्धतीवर आहे. मोठ्या विमानतळांचे शुल्क अनेक देशांत नियामक ठरवतो, आणि त्याचा हिशोब ढोबळमानाने असा असतो: विमानतळ चालवण्याचा खर्च, गुंतवलेल्या भांडवलावरचा वाजवी परतावा आणि घसारा यांची बेरीज करायची, तीतून दुकानांच्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला अपेक्षित प्रवासीसंख्येने भागायचे. चांगल्या काळात यात काही गैर दिसत नाही. मंदीत मात्र वरची रक्कम जवळपास तशीच राहते आणि खालची संख्या आक्रसते, त्यामुळे प्रत्येक प्रवाशामागचे शुल्क वाढते. प्रवासी निम्मे झाले तर उरलेल्या निम्म्यांनी दुप्पट भरावे, असा हा हिशोब आहे. इतर बहुतेक व्यवसायांत गिऱ्हाईक कमी झाले की किंमत उतरते. इथे गिऱ्हाईक कमी झाले म्हणून किंमत चढते, आणि चढलेल्या किमतीमुळे आणखी गिऱ्हाईक जाते.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०१९ साली सुमारे ८ कोटी ९ लाख प्रवासी आले होते. २०२० साली ही संख्या २ कोटी २१ लाखांवर आली. महासाथ ही नेहमीच्या अर्थाने मंदी नव्हती, हे मला मान्य आहे. पण विमानतळाच्या हिशोबाची रचना किती ठिसूळ असते, हे तिच्याइतके स्पष्ट कशानेच दिसले नाही. २०२० मध्ये प्रत्येक प्रवाशामागे सुमारे २२ पौंड असलेली शुल्काची कमाल मर्यादा नियामकाने २०२२ सालासाठी ३०.१९ पौंडांवर नेली. विमानतळाने याशिवाय गेलेल्या उत्पन्नापोटी सुमारे २.६ अब्ज पौंड आपल्या मान्य भांडवलात, म्हणजे ज्यावर परतावा मिळतो त्या रकमेत, धरावेत अशी मागणी केली होती. नियामकाने त्यातले ३० कोटी पौंडच मान्य केले. प्रवासी परतू लागल्यावर मर्यादा पुन्हा खाली आणावी लागली. याच विमानतळाने आधीच्या भरभराटीच्या वर्षांत भागधारकांना मोठा लाभांश वाटला होता. म्हणजे चांगल्या वर्षांची मिळकत वाटून झाली आणि वाईट वर्षाची वसुली नंतर येणाऱ्या प्रवाशाकडून सुरू झाली. यात कोणी नियम मोडला नाही, आणि म्हणूनच नियम बदलायला हवा असे मला वाटते.

बांधकामाच्या काळाचे गणितही इथे मुळावर येते. टर्मिनलचा निर्णय तेजीत होतो आणि उद्घाटन पुष्कळदा मंदीत होते, कारण आराखडा, परवानग्या आणि बांधणी यांत पाच ते दहा वर्षे सहज जातात. डब्लिनचे दुसरे टर्मिनल आयर्लंडच्या भरभराटीत ठरले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झाले. २००८ साली सुमारे २ कोटी ३५ लाख प्रवासी पाहिलेला तो विमानतळ त्या वर्षी सुमारे १ कोटी ८४ लाखांवर आला होता. नव्या टर्मिनलचा खर्च शुल्कात चढला, आणि तेही सरकारने २००९ पासून प्रत्येक प्रवाशावर दहा युरोपर्यंतचा कर बसवलेला असताना. त्या वेळी हे टर्मिनल म्हणजे उधळपट्टी आहे असे अनेकांनी म्हटले. परंतु २०१९ साली त्याच विमानतळावरून जवळपास ३ कोटी ३० लाख लोक आले-गेले, आणि ते टर्मिनल नसते तर त्यांना उभे राहायला जागा नसती. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण मंदीत रिकामी दिसणारी प्रत्येक इमारत चुकीची असते, असे माझे म्हणणे नाही. डब्लिनची चूक टर्मिनल बांधण्यात नव्हती. तीस-चाळीस वर्षे वापरायच्या इमारतीचा खर्च अगदी वाईट वर्षांच्या प्रवाशाकडून वसूल करायला लागणे, ही चूक होती. तो दहा युरोचा करही पुढे तीन युरोवर आला आणि २०१४ मध्ये रद्द झाला. नेदरलँड्सने तर जुलै २००८ मध्ये आणलेला तिकीटकर वर्षभरातच मागे घेतला, कारण प्रवासी सीमेपलीकडच्या विमानतळांवर जाऊ लागले होते.

याउलट काही ठिकाणी पैसा परत येतच नाही. स्पेनमध्ये माद्रिदच्या दक्षिणेला सियुदाद रेआल येथे सुमारे एक अब्ज युरो खर्चून खासगी विमानतळ उभारला गेला. तो २००८ च्या अखेरीस, म्हणजे मंदीच्या ऐन तोंडावर, सुरू झाला आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये बंद पडला. अमेरिकेतील सेंट लुईसची कहाणी अधिक जिव्हारी लागणारी आहे. ते शहर टीडब्ल्यूए या कंपनीचे मुख्य केंद्र होते, आणि तिथली वर्दळ वाढतच जाणार असे धरून १९९८ साली नव्या धावपट्टीला मंजुरी मिळाली. २००१ मध्ये टीडब्ल्यूए दिवाळखोरीत गेली, अमेरिकन एअरलाइन्सने ती विकत घेतली आणि २००३ मध्ये तिथली उड्डाणे निम्म्यावर आणली. २००६ साली सुमारे १.१ अब्ज डॉलरची धावपट्टी तयार झाली, तेव्हा प्रवासी २००० सालच्या मानाने जवळजवळ अर्धे उरले होते. त्या धावपट्टीसाठी शेजारच्या ब्रिजटन गावातील सुमारे दोन हजार घरे पाडली गेली होती. विमान कंपनीने दुसरे केंद्र निवडले, तिचा हिशोब तिथेच मिटला. घरे गेली ती मात्र परत आली नाहीत.

मंदीचा दुसरा मोठा फटका लहान विमानतळांना बसतो, आणि तो तेजी परतल्यावरही भरून येत नाही. कंपन्यांनी फेऱ्या कापायला घेतल्या की त्या आधी गजबजलेली केंद्रे राखतात, कारण जोडणीचे, म्हणजे विमान बदलून पुढे जाणारे, प्रवासी तिथे असतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी अमेरिकेच्या २००७ ते २०१२ या काळाचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की सर्वांत मोठ्या २९ विमानतळांनी देशांतर्गत उड्डाणांपैकी सुमारे ९ टक्के गमावली, बाकीच्या लहान विमानतळांनी मिळून सुमारे २१ टक्के, आणि त्यांतल्या मध्यम विमानतळांनी तर २६ टक्के. शहरातल्या माणसाला दिवसाच्या दहा उड्डाणांऐवजी नऊ मिळतात. दूरच्या गावातल्या माणसाला दोनऐवजी एक मिळते, आणि ते एकही अशा वेळेला असते की सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येत नाही. मग तो दोन-तीन तास गाडी चालवून मोठ्या विमानतळावर जातो, गावाचा विमानतळ आणखी ओस पडतो, आणि उरलेले उड्डाणही तोट्याचे ठरते. तिथे कारखाना काढू पाहणारा, विशेष उपचारासाठी मोठ्या रुग्णालयात जाणारा, बेटावर राहणारा, या सर्वांच्या दृष्टीने मंदी संपल्याची घोषणा अर्थहीन असते. अमेरिकेने १९७८ साली विमानसेवेवरची नियंत्रणे उठवताना अशा गावांसाठी अनुदानित सेवेची तरतूद ठेवली आणि युरोपीय संघातही सार्वजनिक सेवेच्या बंधनाखाली असे मार्ग चालवता येतात. या योजनांवर उधळपट्टीचा आरोप नेहमी होतो, आणि काही मार्गांबाबत तो खराही असेल. तरी मंदीच्या काळात कापायची ती शेवटची गोष्ट असावी, कारण एकदा तुटलेला मार्ग पुन्हा जोडायला कोणीही उत्सुक नसते.

कामगारांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्यांच्याबाबतीत झालेली चूक सगळ्या जगाने डोळ्यांनी पाहिली. सामान चढवणारे, विमान ढकलणाऱ्या गाड्या चालवणारे, सुरक्षा तपासणी करणारे, सफाई करणारे यांपैकी बहुतेक जण विमानतळाचे थेट नोकर नसतात. ते कंत्राटदाराचे असतात, आणि तो कंत्राटदार सर्वांत कमी दराच्या निविदेवर निवडलेला असतो. म्हणून खर्च कापायचा म्हटले की पहिला घाव त्यांच्यावर पडतो. २०२० मध्ये हजारोंच्या संख्येने ही माणसे घरी पाठवली गेली आणि त्यांतली बरीच गोदामांत, मालमोटारींवर, दुकानांत कामाला लागली. तिथे वेळा बऱ्या होत्या आणि पगारही कमी नव्हता. २०२२ च्या उन्हाळ्यात प्रवासी एकदम परतले, तेव्हा त्यांना हाताळायला माणसे नव्हती. नव्या माणसाला प्रशिक्षण लागते आणि प्रतिबंधित क्षेत्रात जाण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका तपासली जाते. या कामाला आठवडे, कधी महिने लागतात. हीथ्रोने त्या जुलैत दिवसाला एक लाखापेक्षा अधिक प्रवासी निघू देणार नाही अशी मर्यादा घातली, ॲमस्टरडॅमच्या स्किपोलनेही तसेच केले आणि कामगार टिकावेत म्हणून तासाला ५.२५ युरोचा उन्हाळी भत्ता कबूल केला. दोन वर्षे या माणसांना अर्ध्या पगारावर जरी धरून ठेवले असते, तरी त्याचा खर्च रद्द झालेली उड्डाणे, हरवलेल्या सामानाचे ढीग आणि नुकसानभरपाई यांच्या खर्चापुढे किती झाला असता, याचा हिशोब प्रत्येक विमानतळाने मांडायला हवा होता. अनुभव हा ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो फुकट मिळतो असे समजले गेले.

आणखी एक परिणाम दशकांनी जाणवतो. मंदीत सरकारची तिजोरी आटते आणि विकण्याजोग्या मालमत्तेत विमानतळ पुढे येतात. पोर्तुगालने कर्जसंकटाच्या काळात, २०१२ च्या अखेरीस, देशातले मुख्य विमानतळ चालवणारी आपली कंपनी पन्नास वर्षांच्या हक्कांसह सुमारे ३.०८ अब्ज युरोला एका फ्रेंच समूहाला दिली. ग्रीसने १४ प्रादेशिक विमानतळ चाळीस वर्षांसाठी सुमारे १.२३ अब्ज युरोला जर्मनीतील कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाकडे सोपवले. या देशांपुढे त्या वेळी फारसे पर्याय नव्हते, आणि नव्या चालकांनी गुंतवणूकही केली. पण पडत्या काळात ठरलेली किंमत किती फसवी असते, याचा अंदाज लंडनच्या गॅटविकवरून येतो. २००९ साली, स्पर्धा आयोगाच्या दबावाखाली, तो संपूर्ण विमानतळ सुमारे १.५ अब्ज पौंडांना विकला गेला. नऊ वर्षांनी त्याचा निम्म्याहून किंचित जास्त हिस्सा २.९ अब्ज पौंडांना गेला. मधल्या काळात तिथे सुधारणा झाल्या हे धरूनही फरक फार मोठा आहे. चाळीस-पन्नास वर्षांचा करार मंदीच्या तळाला करायचा नसतो, आणि करावाच लागला तर प्रवासी ठरावीक संख्येच्या पुढे गेल्यावर वाढीव उत्पन्नातला वाटा जनतेकडे परत येईल, असे कलम त्यात हवे.

मग करायचे काय? माझे म्हणणे एवढेच आहे की मंदीचा भार कोण किती उचलेल, हे तेजीत लिहून ठेवले पाहिजे. ज्या वर्षी प्रवासीसंख्या अंदाजापेक्षा जास्त होईल, त्या वर्षीच्या जादा उत्पन्नाचा ठरावीक भाग स्थिरता निधीत जावा आणि तो निधी भरेपर्यंत लाभांशाला मर्यादा असावी. वाईट वर्षात शुल्क वाढवण्याआधी हा निधी वापरला जावा, आणि त्याचा पहिला उपयोग प्रशिक्षित कामगारांना, कंत्राटी असले तरी, धरून ठेवण्यासाठी व्हावा. टर्मिनलचा घसारा सुरुवातीच्या वर्षांवर लादण्याऐवजी प्रत्यक्ष वापराच्या प्रमाणात मोजला जावा. ब्रिटनच्या नियामकाने हीथ्रोबाबतच्या २०२३ च्या निर्णयात प्रवासीसंख्येतल्या मोठ्या चढउतारांची जोखीम विमानतळ आणि त्याचे वापरकर्ते यांच्यात वाटून घेण्याची पद्धत आणली. हे योग्य दिशेचे पाऊल आहे, पण त्यातही तुटीचा काही भाग पुढच्या प्रवाशांवरच जातो, आधी साठवलेल्या पैशातून भागत नाही.

यावर गुंतवणूकदारांचा आक्षेप मला ठाऊक आहे: परताव्याची खात्री नसेल तर विमानतळाला स्वस्तात कर्ज कोण देईल? हा आक्षेप गंभीर आहे. परंतु भरलेला निधी जवळ असलेला विमानतळ कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असतो. कडाडलेल्या शुल्काने आपलेच प्रवासी पळवून लावणाऱ्या विमानतळाबद्दल तसे म्हणता येत नाही. ज्या भागधारकाला जोखीम घेतल्याबद्दल परतावा मिळतो, त्याने ती जोखीम प्रत्यक्ष आल्यावर काही तरी सोसावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरा आक्षेप पर्यावरणाच्या बाजूने येतो आणि त्याबद्दल मला आदर आहे. विमानप्रवास कमी होणे चांगलेच आहे, मंदीने तो घटत असेल तर घटू द्यावा, असे काही जण म्हणतात. पण मंदी कोणती उड्डाणे कमी करते? ती बेटावरचे, डोंगराळ गावाचे, पर्याय नसलेल्या माणसाचे उड्डाण कमी करते आणि ज्या गर्दीच्या मार्गांवर रेल्वेने जाता येईल तिथली उड्डाणे राखते. उलट, २०२० मध्ये उतरण्या-उडण्याच्या वेळांचे हक्क, म्हणजे स्लॉट, ८० टक्के वापरले नाहीत तर जातील या नियमामुळे काही कंपन्यांनी जवळजवळ रिकामी विमाने उडवली, आणि नियम शिथिल करावा लागला. २००९ मध्येही युरोपला हेच करावे लागले होते. उड्डाणे कमी करायची असतील तर ती विचारपूर्वक, धोरण ठरवून करावी लागतील.

घाईत केलेली मदत कशी वाहवत जाते तेही २०२० ने दाखवले. अमेरिकी काँग्रेसने विमानतळांसाठी १० अब्ज डॉलर मंजूर केले, तेव्हा वाटपाचे सूत्र असे ठरले की काही लहान विमानतळांच्या हाती कित्येक वर्षांच्या चालू खर्चाइतकी रक्कम आली, तर गर्दीच्या विमानतळांना काही महिन्यांपुरतीही पुरली नाही. संकटात कायदा करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्यापुढे तयार सूत्र नव्हते. ते सूत्र शांतपणे तयार करण्याची वेळ टर्मिनले भरलेली असतात आणि नव्या धावपट्टीचे आराखडे टेबलावर असतात तीच असते. पुढच्या प्रत्येक आराखड्याच्या मंजुरीबरोबर एक प्रश्न लेखी विचारला जावा: प्रवासी एक तृतीयांशाने घटले, तर पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी आणि तिसऱ्या वर्षी पैसे कोण देणार, आणि कोणाची नोकरी जाणार?